आधी आडनाव, मग भाव : घरशोधाचे कार्यक्रम आणि त्यांचा प्रेक्षक

१

कादंबरीची समीक्षा करावी, नाटक-चित्रपटाची करावी, फार तर दूरचित्रवाणीवरच्या कौटुंबिक मालिकेची करावी, इथपर्यंत आपली तयारी झालेली आहे. पण शनिवार-रविवारी लागणारा, घरांचे भाव सांगणारा कार्यक्रम हाही समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कुणी मानत नाही. असे कार्यक्रम 'माहितीपर' समजले जातात आणि माहिती ही निष्पाप असते, असा आपला एक जुना समज आहे. सातबारा हीसुद्धा माहितीच असते. तिने किती घरे उठवली आणि किती बसवली, हे आपल्या बापजाद्यांना विचारावे.

या कार्यक्रमांचा उगम बाहेरचा आहे. अमेरिकेत 'हाऊस हंटर्स' १९९९ साली सुरू झाला. इंग्लंडमध्ये चॅनल फोरवर 'लोकेशन, लोकेशन, लोकेशन' २००० साली आला. साचा सोपा आहे. एक जोडपे, एक रक्कम, दोन-तीन घरे, शेवटी एकाची निवड. आपल्याकडे इंग्रजीत एनडीटीव्हीचा 'द प्रॉपर्टी शो' आणि हिंदीत सीएनबीसी आवाजचा 'प्रॉपर्टी गुरु' यांनी तोच धंदा सल्ल्याच्या रूपात आणला. प्रेक्षकाने प्रश्न विचारायचा आणि तज्ज्ञाने अमुक भागात घ्या, तमुक भागात थांबा, असे सांगायचे. मराठी वाहिन्यांवर त्याला आणखी एक जोड मिळाली, ती प्रायोजित अर्ध्या तासाची. त्यात निवेदिका हसतमुखाने नमुना सदनिकेची दारे उघडत जाते आणि बिल्डरचा प्रतिनिधी तिच्या मागून चालत राहतो. ज्याच्या मालाची चर्चा, त्याच्याच खर्चाने ती चर्चा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावर 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम पुढे वर्षानुवर्षे चालला. त्यातली माती कुणाची आणि माणसे कुणाची, हा प्रश्न त्या काळातही विचारता आला असता. भूमिहीन तिथेही फारसा दिसत नव्हता. पण निदान जमीन ही माती आहे, तिच्यात काही उगवते आणि तिच्यावर माणसे राबतात, एवढे तरी त्या पडद्याला मान्य होते. आजच्या घरशोधाच्या कार्यक्रमात जमीन उरलेलीच नाही. आहे ते चौरस फूट. मातीकडून चौरस फुटाकडे झालेला हा प्रवास आपण कोणत्या डोळ्यांनी पाहिला, हा या लेखाचा विषय आहे.

२

हे कार्यक्रम पाहणारी माणसे काय म्हणतात, ते मी गेली काही वर्षे ऐकत आलो आहे. पालघर, बोईसर, सफाळे या पट्ट्यात शिकवणाऱ्या माणसाला ते मुद्दाम विचारावे लागत नाही. वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, डहाणू लोकलच्या डब्यात ते आपोआप कानावर पडते. हे सर्वेक्षण नव्हे. ऐकलेल्याची मांडणी आहे, आणि तेवढ्याच अर्थाने ती घ्यावी.

पहिला अभिप्राय सर्वांत जास्त ऐकू येतो : "आपल्याला कुठं घ्यायचंय? पण बघायला बरं वाटतं." तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारा, दहा बाय दहाच्या खोलीत चौघांसह राहणारा कामगार हे म्हणतो. त्याला कुणी भोगवादी म्हणू नये. ज्याच्या खोलीला खिडकी नाही, त्याने खिडकी पाहण्यात गैर काय आहे? मात्र 'बरं वाटतं' या शब्दांत एक कबुली आहे. कार्यक्रम आपल्यासाठी केलेला नाही, आपण त्यात चोरून पाहणारे आहोत, हे त्याला ठाऊक असते. देवळाच्या बाहेर उभे राहून कळसाचे दर्शन घेणाऱ्यांच्या पिढ्या आपल्या घरांत होऊन गेल्या आहेत. ही सवय तिथलीच आहे.

दुसरा अभिप्राय संशयाचा : "हे सगळं आधीच ठरलेलं असतं." इथे प्रेक्षक समीक्षकाच्या पुढे गेलेला आहे. 'हाऊस हंटर्स'मध्ये भाग घेतलेल्या एका कुटुंबाने आपण घर आधीच घेतले होते आणि नाकारलेली घरे ही ओळखीपाळखीच्यांची, विक्रीला नसलेली घरे होती, हे २०१२ साली उघड केले. वाहिनीनेही चित्रीकरणाच्या सोयीसाठी पुढच्या टप्प्यावरची कुटुंबे घेतली जातात, असे मान्य केले. म्हणजे 'शोध' हा शोध नव्हताच. निवड झाल्यानंतर निवडीचे नाटक करण्यात आले होते. आमच्याकडचा अशिक्षित म्हणवला जाणारा प्रेक्षक हे वृत्त न वाचताच ओळखतो, कारण आधी ठरलेल्या गोष्टी नंतर विचारल्यासारख्या करण्याची पद्धत त्याने ग्रामसभेत पाहिलेली असते.

तिसरा अभिप्राय हिशेबाचा असतो. तो बहुधा नोकरीला नुकत्याच लागलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराचा असतो. "हप्ता फक्त अठरा हजार सांगतात सर, जमेल का?" हा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता येतो सुमारे १८ हजार. २४० हप्त्यांची बेरीज सुमारे ४३ लाख २० हजार. म्हणजे वीस लाखांवर २३ लाखांहून अधिक व्याज. पडद्यावर 'फक्त' हा शब्द हप्त्याला लावतात, बेरजेला लावत नाहीत. सावकाराच्या वहीत आजोबांचा अंगठा होता, नातवाची इंग्रजी सही आहे. फरक नक्कीच आहे आणि तो मोठाही आहे, कारण नातवाच्या हातात करार आहे, पावती आहे, न्यायालय आहे. २०१६चा स्थावर संपदा कायदा आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७पासून महारेरा आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक आहे आणि घर चटईक्षेत्रावर विकावे लागते. पण कंत्राटी नोकरी अकरा महिन्यांची आणि कर्ज वीस वर्षांचे, ही विसंगती कुठलाही तज्ज्ञ कार्यक्रमात उच्चारीत नाही.

परदेशी प्रेक्षकानेही ही विसंगती पकडली आहे. 'लोकेशन, लोकेशन, लोकेशन'च्या निवेदिका कर्स्टी ऑलसॉप यांनी २०२२च्या फेब्रुवारीत एका मुलाखतीत असा सूर लावला की, तरुणांनी कॉफी, व्यायामशाळा, नेटफ्लिक्स यांवरचा खर्च आवरला आणि स्वस्त भागात जाण्याची तयारी ठेवली, तर घर घेता येईल. त्यांचे स्वतःचे पहिले घर एकविसाव्या वर्षी, घरच्यांच्या मदतीने झालेले होते. त्यावर तिकडचा प्रेक्षक संतापला. ज्यांना वारसा मिळाला, त्यांनी बिनवारशाच्या माणसाला काटकसरीचा उपदेश करावा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. 'तुम्ही दारू सोडा, स्वच्छ राहा, म्हणजे सुधाराल', हा उपदेश आपल्या वस्त्यांना शंभर वर्षे ऐकवला गेला. गरिबीचे कारण गरिबाच्या सवयीत शोधले की मालमत्तेच्या वाटपाबद्दल बोलावे लागत नाही.

आणि चौथा अभिप्राय. हा मी एकदाच ऐकला. मनोरकडचा एक वारली विद्यार्थी. वर्गात जाहिरातीच्या भाषेवर चर्चा चालली होती. 'निसर्गाच्या कुशीत घर' या शब्दप्रयोगावर मी काहीतरी बोललो. तो म्हणाला, "सर, ते हिरवी टेकडी दाखवतात ना, तिथं आमची गुरं चरायची." वर्गातली काही मुले हसली. तो हसला नाही. या एका वाक्याने मला हा लेख लिहायला भाग पाडले.

३

घरशोध हा आपल्या परंपरेत करमणुकीचा विषय कधीच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या माणसाला राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत पारशी नाव सांगून ते राहिले. ओळख पटल्यावर काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. एक मित्र हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. त्यांनी सार्वजनिक बागेत काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्यांच्याजवळ भाडे देण्याइतका पगार होता, पदवी होती, पद होते. कार्यक्रमाच्या भाषेत सांगायचे तर ग्राहक 'पात्र' होता. बाजारात नव्हते ते घर नव्हे. बाजारात नव्हती ती त्याला घर देण्याची तयारी.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि खोली मिळवताना जात लपवतो. ही कथा आपण वर्गात अस्मितेची, विद्रोहाची, दांभिकतेवरच्या प्रहाराची म्हणून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती आधी एका भाडेकरूची कथा आहे, हे आपल्या समीक्षेने पुरेसे सांगितलेले नाही. विश्व बदलण्याच्या गोष्टी बोलणाऱ्या त्या तरुणाला रात्री पाठ टेकायला एक खोली हवी असते. सगळे नाट्य त्या खोलीच्या दारात घडते.

सवर्ण मध्यमवर्गाच्या कलाकृतींतही घर नसण्याचे दुःख आले. 'मुंबईचा जावई' हा राजा ठाकूरांचा १९७०चा चित्रपट एका खोलीतल्या नवदांपत्याची ओढाताण सांगतो. भीमसैन यांच्या १९७७च्या 'घरौंदा'त पै-पै साठवलेले पैसे बिल्डर बुडवतो आणि त्या बुडीत माणसांची नीती कशी कोसळते ते दिसते. हे चित्रपट प्रामाणिक आहेत. त्यांतल्या पात्रांना घर परवडत नाही, परंतु त्यांचे आडनाव ऐकून दार कुणी लावत नाही. त्यांचा प्रश्न पैशाचा आहे. बडोद्याच्या बागेतल्या माणसाचा प्रश्न पैशाने सुटत नव्हता. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण ते एकच नव्हेत. घरशोधाच्या कार्यक्रमांनी यांतला दुसरा प्रश्न पुसून टाकला आणि पहिल्याचे रूपांतर आकडेमोडीत केले. परवडत नाही? मग आणखी दोन स्थानके पुढे जा. अंधेरी नाही तर विरार, विरार नाही तर पालघर, पालघर नाही तर बोईसर.

आज तो दुसरा प्रश्न उरला आहे काय? उरला आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेच्या सवर्ण, दलित आणि मुस्लिम गिऱ्हाइकांनी घर मागितले, तेव्हा दलितांना आणि त्याहून अधिक मुसलमानांना नकार मिळाले. मिळाले तिथेही जादा अटी लागल्या. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारी उपविधी वैध ठरवली. तो समाज स्वतः अल्पसंख्य आहे हे खरे. पण त्या निकालाच्या सावलीत कोणकोणती 'एकजिनसी' संकुले उभी राहू शकतात, याचा विचार कार्यक्रमातल्या तज्ज्ञाने नाही तरी आपण केला पाहिजे.

माझा स्वतःचा अनुभव एका परिच्छेदात सांगतो, कारण तो अपवादात्मक नाही. घर पाहायला गेलो तेव्हा मध्यस्थाने रक्कम विचारण्याआधी आडनाव विचारले. आडनावावरून उलगडा होईना, तेव्हा मूळ गाव विचारले. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा "खाण्यापिण्याचं कसं?" असे विचारले. प्रश्न तिन्ही सभ्य होते. आवाजही सभ्य होता. 'तसं काही नाही हो, सोसायटीवाले विचारतात' हे पालुपद तिन्ही वेळा होते. दार आपटले नाही. हळूच लोटून घेतले. टीव्हीवरच्या जोडप्याला हे तीन प्रश्न कधी कुणी विचारल्याचे मी पाहिलेले नाही. त्या जोडप्याला आडनाव असते, पण ते विचारावे लागत नाही, कारण ते आधीच निवडलेले असते. 'आधीच ठरलेलं असतं' या प्रेक्षकाच्या वाक्याचा हा दुसरा, अधिक खोल अर्थ आहे.

४

आता त्या हिरव्या टेकडीकडे येऊ.

विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाडी एप्रिल २०१३मध्ये सुरू झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. सिडकोने जिल्हा मुख्यालय उभारून द्यायचे आणि त्या बदल्यात शासनाच्या जमिनीवर नवे नगर वसवायचे, असे ठरले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांत विरार आणि बोईसर आली. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये ७६ हजार २२० कोटींची मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. घरशोधाच्या कार्यक्रमात या साऱ्याला एकच शब्द आहे, 'कनेक्टिव्हिटी'. रस्ता आला, गाडी आली, बंदर येणार, म्हणून भाव वाढणार. वाढवणचे मच्छीमार वर्षानुवर्षे बंदराला विरोध करीत आले आहेत, हे त्या वाक्यात बसत नाही. ज्याने भाव वाढतो ती बातमी आणि ज्याने माणूस उठतो तो 'अडथळा', अशी ही व्याकरणाची व्यवस्था आहे.

बोईसर-तारापूरचा इतिहास या व्याकरणाचा जुना नमुना आहे. तारापूरची पहिली दोन अणुभट्टी-एकके १९६९ साली वीज देऊ लागली. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. पुढे तिसऱ्या-चौथ्या एककांसाठी, जी २००५-०६मध्ये चालू झाली, अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे देशाला उजेड देण्यासाठी ज्यांनी घर दिले, त्यांना घरासाठी न्यायालयात जावे लागले. शेजारच्या औद्योगिक वसाहतीचे सांगायचे तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूर सर्वांत वर होते. 'बोईसरमध्ये परवडणारी घरे' सांगणाऱ्या कार्यक्रमात हा क्रमांक कुणी सांगितल्याचे माझ्या पाहण्यात नाही. घर परवडते कारण हवा परवडत नाही, हा साधा व्यवहार आहे. तो गिऱ्हाइकाला कळला पाहिजे. हवा वाईट असलेल्या ठिकाणी स्वस्तात कोण राहायला येतो? मराठवाडा-विदर्भातून आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार येतो. गावकुसाबाहेरची जागा जशी वाऱ्याची दिशा पाहून ठरवलेली असे, तशीच ही ठरते. ठरवणारा आता पाटील नाही, दर आहे.

पाण्याचेही तेच. 'चोवीस तास पाणी' हे संकुलांच्या जाहिरातीतले आवडते आश्वासन. सूर्या प्रकल्पाची धामणी आणि कवडास ही धरणे आदिवासी भागात आहेत. धरणासाठी पाडे उठले आणि कालवे शेतीसाठी काढले. आता त्याच पाण्यावर दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची प्रादेशिक योजना आहे. त्यांतले १८५ वसई-विरारसाठी, २१८ मिरा-भाईंदरसाठी. शहरातल्या कष्टकऱ्याला पाणी नको असे म्हणण्याचा कुणालाही अधिकार नाही. महाडचे तळे ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांना तर मुळीच नाही. पण ज्यांच्या अंगणातून नळ गेला त्यांच्या हंड्यात काय पडते, हे विचारण्याचा अधिकार महाडच्याच वारसदारांना सर्वांत आधी आहे.

जमिनीबाबत कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ची कलमे ३६ आणि ३६अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे पूर्वपरवानगीशिवाय जाऊ देत नाहीत. गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४चा कायदा आहे. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात असून तिथे १९९६चा पेसा लागू आहे. हे कायदे कुणी दयेने दिलेले नाहीत. याच मातीत १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, ज्याची हकिगत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये नोंदवली आहे. असे असूनही घराचा भाव सांगणारा कार्यक्रम 'क्लिअर टायटल' हे दोन शब्द उच्चारून पुढे जातो. ते टायटल 'क्लिअर' कसे झाले, त्यासाठी कोण बाजूला झाला, हा प्रश्न विचारला तर कार्यक्रमाचा अर्धा तास पुरणार नाही. त्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न एका वाक्यात विचारला होता. त्याचे कुटुंब कायद्याने त्या टेकडीचे मालक असेल किंवा नसेलही. चराऊ रान सहसा कुणाच्या नावावर नसते. पण ज्याच्या नावावर काही नाही त्याचेही काही जाते, हे आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नसावी.

५

इथे एक सोपा निष्कर्ष काढता येईल. हे कार्यक्रम भांडवलशाहीची भुरळ आहेत, घराची हाव हा मध्यमवर्गीय रोग आहे, प्रेक्षकाने टीव्ही बंद करावा. आमच्यातले काही डावे मित्र असे म्हणतात. मला हा निष्कर्ष मान्य नाही.

ज्यांच्या घराची जागा हजार वर्षे जातीने ठरवली, त्यांना 'जागा पैशाने मिळते' हे ऐकताना सुटल्यासारखे वाटते. पैशाला जात नसते हे पूर्ण सत्य नाही. पण पाटलाच्या मर्जीपेक्षा छापील दरपत्रक बरे, हे अनुभवाने सिद्ध आहे. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले आणि मग त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले, ग्रंथांना जागा हवी म्हणून बांधले. त्या घराला हाव म्हणण्याची छाती कुणाची आहे? रमाई आवास योजनेच्या २६९ चौरस फुटांत पहिल्यांदा सिमेंटचे छप्पर पाहणाऱ्या म्हातारीला आपण भोगवादावर व्याख्यान देणार आहोत काय? घराची इच्छा ही अब्रूची इच्छा आहे. आपल्या चळवळीने ती कधी नाकारलेली नाही.

म्हणून माझे भांडण इच्छेशी नाही. कार्यक्रमाच्या मौनाशी आहे आणि त्या मौनात हळूहळू सामील होत चाललेल्या आपल्या लोकांशी आहे. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कारखान्यातले पर्यवेक्षक, अणुकेंद्रातले तंत्रज्ञ असा आमचा पहिल्या पिढीतल्या पदवीधरांचा वर्ग आता या कार्यक्रमांचा खरा गिऱ्हाईक आहे. तो फक्त 'बघायला बरं वाटतं' म्हणून बघत नाही. तो वही घेऊन बसतो. घर घेतो आणि दारावरच्या पाटीवर आडनावाऐवजी नुसते नाव लिहितो. भिंतीवर कोणती तसबीर बाहेरच्या खोलीत आणि कोणती आतल्या खोलीत, याचा विचार करतो. बागुलांचा नायक जात चोरीत होता तो एका खोलीसाठी, आणि त्याला त्याची लाज होती. आम्ही वीस वर्षांच्या हप्त्यासाठी चोरतो आणि त्याला 'व्यवहार' म्हणतो. पुढे संकुलाच्या बैठकीत कामवाल्या बायकांनी वेगळी लिफ्ट वापरावी असा ठराव येतो, तेव्हा आमचा हात वर जातो की खाली राहतो? भाजी घेऊन आलेल्या आदिवासी बाईला फाटकावर अडवतात, तेव्हा आम्ही काही बोलतो काय? 'गेटेड कम्युनिटी' हा शब्द या कार्यक्रमांनी आम्हाला सुरक्षिततेचा म्हणून शिकवला. तो गावकुसाचा इंग्रजी अनुवाद आहे, हे ओळखायला आमच्याइतका लायक कुणी नव्हता. आणि आम्हीच आत बसलो आहोत.

समीक्षा म्हणजे केवळ दोष सांगणे नव्हे. या कार्यक्रमांकडून काय मागावे तेही सांगितले पाहिजे. घराचा भाव सांगता, तर त्या घरासाठी एकूण किती व्याज जाईल ते सांगा. बांधकामाचा महारेरा क्रमांक दाखवता, तर ती जमीन आधी कुणाची होती आणि कोणत्या परवानगीने हस्तांतरित झाली तेही दाखवा. हवेचा आणि पाण्याचा हिशेब सांगा. संस्थेच्या उपविधीत कुणाला मज्जाव आहे काय, ते बिल्डरला कॅमेऱ्यासमोर विचारा. आणि एखाद्या रविवारी दलित, मुस्लिम किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला घेऊन घर शोधायला निघा. कॅमेरा लपवून न्या. त्या एका भागात या देशातल्या घरबाजाराबद्दल जेवढे कळेल, तेवढे आजवरच्या सगळ्या भागांत कळलेले नाही.

वाहिन्या हे करतील अशी मला फारशी आशा नाही. जाहिरातदार पैसे देतो तोवर त्याला असले प्रश्न विचारले जाणार नाहीत. पण प्रेक्षक ते विचारू शकतो, आणि शिक्षक-कार्यकर्ते तो प्रेक्षक घडवू शकतात. यंदा मी वर्गात बागुलांची कथा शिकवताना तिच्या शेजारी घरांची एक छापील जाहिरात ठेवणार आहे आणि मुलांना दोन्हींचे वाचन करायला सांगणार आहे. इतर महाविद्यालयांतील मित्रांनीही हे करून पाहावे आणि मुले काय म्हणतात ते या नियतकालिकाला कळवावे.

त्या वारली विद्यार्थ्याला त्या दिवशी मी उत्तर दिले नव्हते. तास संपला होता. आता देतो. तुझ्या टेकडीवर उद्या जे घर उभे राहील, ते कदाचित माझ्यासारख्याच कुणाचे असेल. त्याच्या दाराशी तू आलास, तर तो तुला आधी तुझे आडनाव विचारील की आत ये म्हणेल, हे माझ्या पिढीने ठरवायचे आहे.